जेवणघराकडची काच

१

आमची बैठकीची खोली आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीत पूर्वी एक खिडकी होती, ताटं-वाट्या इकडून तिकडे द्यायला केलेली. सासूबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी ती रुंद करून घेतली आणि तिथं माशांची टाकी बसवली. तळाला माती, मातीत खऱ्या वनस्पती, वर दिवा. बैठकीतून बघितलं की भिंतीत एक छोटंसं रान उगवल्यासारखं वाटायचं.

"जन्मभर बोलणाऱ्या पेशंटांची सेवा केली," त्या म्हणाल्या होत्या. "आता न बोलणाऱ्यांची करते."

"बोलायचं खातं आई स्वतःकडेच ठेवणार," नवरा माझ्या कानात कुजबुजला.

खरंच होतं ते. मोठ्या हॉस्पिटलात त्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या आणि डॉक्टरसुद्धा त्यांना टरकून असत. मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे छापण्याआधीच्या चुका शोधते, घरीच, जेवणाच्या टेबलावर बसून. कानामागे पेन्सिल, समोर कागदांची चळत. त्या येता-जाता म्हणायच्या, "दुसऱ्याच्या पुस्तकातला हरवलेला काना सापडतो हिला. गॅसवरचं दूध उतू जाताना मात्र सापडत नाही." काही हातातून पडलं की, "हात आहेत की फावडी?" लग्नानंतर सुरुवातीला मी रडायचे. मग उलट उत्तर द्यायला शिकले. पुढेपुढे तर असं झालं की सकाळपासून एखादा टोमणा आला नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

उन्हाळा संपता संपता नणंदेचा पाय मोडला. आई तिच्याकडे राहायला निघाल्या. बॅग दारात ठेवून त्यांनी मला टाकीसमोर उभं केलं.

"खाणं चिमूटभर. तुझी चिमूट नव्हे, माझी. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. शेवाळ दिसलं की लगेच खरवडायचं, उद्यावर टाकायचं नाही. शेवाळ आणि पाहुणे, एकदा पसरले की पसरले."

"आणि ही मागची काच?" मी विचारलं. जेवणघराकडची काच आतून पूर्ण हिरवी होती. जेवणघरातून बघितलं तर टाकी नव्हे, हिरवा फळाच दिसायचा.

"तिथं झाडी दाट आहे. माझा हात पोचत नाही. राहू दे."

रिक्षात बसल्यावरसुद्धा त्यांनी मान बाहेर काढून सांगितलं, "आणि दूध!"

२

त्या गेल्या आणि शेवाळानं मी नवखी आहे हे ओळखलं.

आधी काचेवर हिरवे ठिपके आले. मग पानांच्या कडांना केसांसारखं काहीतरी लोंबायला लागलं. मी चिमटीनं ओढायचे, ते बोटांना गुंडाळायचं. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेले. त्याच्या दुकानाला सगळे 'तळं' म्हणतात आणि त्यालाही तळंच म्हणतात.

"ताई, शेवाळ म्हणजे काहीतरी जास्त होतंय," तो म्हणाला. "उजेड जास्त, नाहीतर खत जास्त, नाहीतर लाड जास्त. दिवा किती वेळ ठेवता?"

"मी काम करते तोवर."

"मग झालं तर. तुमच्या कामाला उजेड लागतो, त्यांच्या नाही." त्यानं मला दिव्याला लावायचं टायमर दिलं, शेवाळ खाणाऱ्या बारक्या गोगलगायी दिल्या आणि सांगितलं, "एकदा सगळी टाकी स्वच्छ करा. एक काच हिरवी ठेवलीत तर तिथूनच परत पसरेल."

माझे हात बारीक आहेत. एका दुपारी बाही खांद्यापर्यंत वर करून मी झाडीतून हात घातला आणि जेवणघराकडची काच खरवडायला घेतली. शेवाळाचे पापुद्रे सुटून वर तरंगायला लागले. जुन्या भिंतीचा रंग निघावा तसे. आई परत येतील तेव्हा चकित होतील, आणि तोंडानं कबूल न करता दुसरीच काहीतरी चूक काढतील, या कल्पनेनं मला घासताना हसू येत होतं.

गढूळ पाणी काढलं, ताजं भरलं. हात पुसत बैठकीत येऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच टाकीतून आरपार जेवणघर दिसत होतं. टेबल, माझे कागद, पलीकडची खिडकी, आणि टेबलापासून बाहेर ओढलेली आईंची खुर्ची.

मी जेवणघरात गेले. खुर्ची टेबलाखाली ढकललेली होती.

परत बैठकीत आले. खुर्ची बाहेर होती.

संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. जगातली कुठलीही गोष्ट अडकली असेल किंवा सैल झाली असेल, तिसरं काही नसतं, असं त्याचं मत आहे. त्यानं डोळे बारीक करून बघितलं.

"पाणी आहे गं. पाण्यात काठी वाकडी दिसते, शाळेत शिकली नाहीस?"

"काठी वाकडी दिसते. आत ढकललेली खुर्ची बाहेर कशी दिसेल?"

"खुर्चीला चार काठ्या असतात," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

३

चूक सापडली की ती पुन्हा मूळ प्रतीशी ताडून बघायची, हा माझा रोजचा धंदा. मी तेच केलं. दुपारी घर रिकामं असताना बैठकीतून बघायचं, मग जेवणघरात जाऊन बघायचं. बहुतेक सगळं जुळायचं. खिडकी जुळायची, घड्याळ जुळायचं. खुर्ची जुळायची नाही. एकदा टेबलावर एक कप दिसला, तो तिकडे नव्हता. मी म्हटलं, माशांच्या खाण्याची डबी मी टाकीवर ठेवली आहे, तिचं प्रतिबिंब असेल. डबी उचलली. कप तिथंच राहिला.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. एखाद्या शब्दाकडे फार वेळ बघितलं की तो बरोबर आहे की चूक हेच कळेनासं होतं, तसं काहीसं व्हायला लागलं. कुठली प्रत मूळ म्हणायची?

तेवढ्यात आईंचा फोन आला. मी बैठकीतल्या कोचावर होते.

"मासे जिवंत आहेत की त्यांनाही मुद्रितं तपासायला बसवलंस?"

"जिवंत आहेत. आणि मागची काच मी घासली."

"कुणी सांगितलं होतं?"

"तळं म्हणाला, शेवाळ तिथूनच पसरतं."

"तळं म्हणाला! उद्या तो म्हणेल विहिरीत उडी मार. अगं, थोडं शेवाळ असू द्यावं कुठंतरी. आतल्यांना अगदीच उघड्यावर पडल्यासारखं होतं."

मी हसत वर बघितलं. टाकीपलीकडे, बाहेर ओढलेल्या खुर्चीत, कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. घट्ट बांधलेला पांढरा अंबाडा आणि त्यात तिरकी खोचलेली काळी पिन.

"ऐकतेस ना? की दूध गेलं उतू?" फोनमधून आई म्हणाल्या, आणि त्याच वेळी तो अंबाडा हलला. आई बोलताना शेवटच्या शब्दाला मानेला एक झटका देतात, तसा.

"आई, तुम्ही कुठं बसलाय?"

"कुठं म्हणजे? हिच्या घरी, हिच्या खोलीत. का?"

अंबाडा पुन्हा हलला.

मी फोन कानाला तसाच धरून जेवणघराच्या दारात गेले. कुणी नव्हतं. पंख्याच्या वाऱ्यानं माझ्या कागदांची वरची पानं उठत होती आणि बसत होती. खुर्ची आत होती. टेकायला म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लाकूड कोमट लागलं. तिथं दुपारचं ऊन येतं, हेही खरं आहे.

४

नणंद काठी घेऊन चालायला लागल्यावर आई परत आल्या.

नवरा त्यांना घेऊन आला. मी दार उघडलं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "किती दमलेली दिसतेस. खूप केलंस गं एकटीनं."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. पुढचं वाक्य आलंच नाही.

टाकीसमोर त्या कौतुकानं उभ्या राहिल्या. "काय सुंदर ठेवलीस!" मी मुद्दाम सांगितलं की दोन मासे दगावले. "असू दे. तुझा काय दोष?" त्याच संध्याकाळी दूध खरोखर उतू गेलं. सगळी शेगडी पांढरी झाली. त्यांनी स्वतः फडकं आणलं आणि हसत पुसून काढलं.

नवरा खूश. "आईला विश्रांती मानवली. तुलाच तर तिच्या तोंडाचा त्रास व्हायचा ना? आता बघ, घर कसं शांत आहे."

"मला कधी त्रास झाला?"

"मग आता काय पाहिजे तुला? भांडण?"

सासू गोड बोलते अशी तक्रार कुणाकडे करायची? मी त्यांना बोलण्याबोलण्यात तपासलं. हॉस्पिटलमधल्या गोष्टी विचारल्या, नवऱ्याच्या लहानपणच्या विचारल्या. सगळं बरोबर. मनगटावरचा भाजल्याचा डाग त्याच जागी. पिन तशीच तिरकी. एकही चूक नाही. आणि माझा अनुभव असा आहे की ज्या मुद्रितात एकही चूक सापडत नाही, त्याचाच संशय घ्यावा.

पण संशय कसला, ते मला सांगता येईना. माणूस बदलतं. आजाऱ्याजवळ राहून आलेलं माणूस मऊ होतं. मी स्वतःला हेच समजावलं. काही दिवस मला ते पटलंही.

५

मग पाणी हिरवं व्हायला लागलं.

काचेवर किंवा पानांवर काही नव्हतं, पाण्याचाच रंग बदलत होता. आधी नुसती झाक आली, मग लिंबाच्या सालीसारखा रंग. मी टायमर बघितलं तर ते बंद करून ठेवलेलं आणि दिवा चालूच.

"आई, दिवा तुम्ही चालू ठेवलात?"

"हो गं. काळोखात बिचारी झाडं. राहू दे थोडं हिरवं. इतकं काय घासत बसतेस? ये, बस माझ्याजवळ."

मी टायमर पुन्हा लावलं. खत बंद केलं, पाणी बदललं, भराभर वाढणारी नवी झाडं आणून लावली, म्हणजे शेवाळाचं खाणं ती खातील. काही उपयोग होईना. दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा चालू असायचा. आणि मला तर पाणी स्वच्छ हवं होतं, कारण तोवर मी टाकीतून रोज बघत होते.

ती तिथं असायची. मी 'ती' म्हणते, कारण 'त्या' म्हटलं तर मग आत खोलीत पोथीसारखं वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसलेल्यांना काय म्हणू? आता ती कडेला तोंड करून बसायची. हातवारे करायची. कुणाला तरी फैलावर घेत होती. समोरच्या खुर्चीत कोण होतं ते दिसत नव्हतं. मधल्या उंच झाडांच्या आड ती जागा जात होती. ओठ वाचता येतात असा माझा दावा नाही. पण इतकी वर्षं ऐकलेलं 'हात आहेत की फावडी' मला आवाजाशिवायही कळतं. ते कळलं. मी काचेवर टकटक केली. मासे दचकले. तिनं बघितलं नाही.

रोज थोडं थोडं ते दृश्य हिरव्यात बुडत होतं. आधी पलीकडची खिडकी गेली. मग टेबलाच्या कडा गेल्या. शेवटी हलणारा हात तेवढा उरला, धुक्यातल्यासारखा.

तळं म्हणाला, "आता एकच उपाय. पूर्ण अंधार. जाड कापडानं टाकी सगळ्या बाजूंनी झाका, दिवा बंद, खाणं बंद. मध्ये डोकावायचं नाही. शेवाळ उजेडावर जगतं. उजेड तोडला की मरतं."

"आणि झाडं?"

"पानं गाळतील. पण मुळं टिकतील."

६

कापड बांधायला आईंनीच मदत केली. गाठी मारताना त्या म्हणाल्या, "आत घाबरणार नाहीत ना गं?"

"मासे?"

"हो, मासेच," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून इतक्या मायेनं हसल्या की मला आपल्याच मनाची लाज वाटली.

टाकी झाकलेली असताना मला काम सुचेना. तीच ओळ परत परत वाचायचे. एकदा दुपारी कापडाला कान लावला. फिल्टरची घरघर ऐकू आली. त्या घरघरीखालून, पाण्यातून यावा तसा, बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. जेवणघरात जाऊन बघितलं. तिथं कुणी नव्हतं. आई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या आणि त्यांचा श्वास एका लयीत चालला होता.

तळ्यानं सांगितलेली मुदत संपली त्या दिवशी नवरा कामावर होता. आई अंघोळीला गेल्या होत्या. मी आधी जेवणघराकडचं कापड काढलं, मग बैठकीत आले आणि इकडचं काढलं. दिवा लावला.

पाणी इतकं स्वच्छ होतं की ते आहे हेच जाणवेना. मासे हवेत लटकल्यासारखे वाटत होते. उंच झाडांनी पानं टाकली होती, नुसते दांडे उरले होते. त्या दांड्यांमधून सगळं टेबल पहिल्यांदाच पूर्ण दिसलं.

ती तिच्या खुर्चीत होती. समोरच्या खुर्चीत एक बाई पाठमोरी बसली होती. पुढे कागदांची चळत. बाईच्या कानामागे पेन्सिल होती.

ती बाईला ओरडत होती. बाईचे खांदे हलत होते, आधी मला वाटलं रडते आहे. मग लक्षात आलं, हसत होती. हसता हसता तिनं काहीतरी उलट उत्तर दिलं असावं, कारण समोरचीनं कपाळाला हात लावला. चेहरा मात्र आतून खुललेला. उठून जाताना तिनं बाईच्या डोक्यावर एक टपली मारली. अशी टपली मला कधी मिळाली होती का? मी आठवायला लागले. मिळाली असावी. आठवेना.

वळ, मी मनात म्हणत होते. एकदा इकडे वळ.

बाई वळली नाही. पण ती, अंबाड्यावाली, काचेपर्यंत आली. थेट माझ्यासमोर, हातभर अंतरावर. तिनं आत बघितलं. माझ्या डोळ्यांवरून तिची नजर गेली आणि कुठंही थांबली नाही. काच कितपत मळली आहे हे बघावं तशी ती बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. मान मागे करून तिनं बाईला काहीतरी विचारलं. मग खाली वाकली, हातात काळं कापड घेऊन वर आली, आणि तिकडून काच झाकून टाकली.

मी जेवणघरात धावले. काचेवर कापड नव्हतं. दोन्ही कापडं मी बैठकीतल्या कोचावर टाकली होती, ती तिथंच पडली होती. दोन्ही खुर्च्या आत. माझे कागद जसेच्या तसे. तिथून बघितलं तर टाकीतून बैठक दिसत होती, कोच, दार, सगळं जागच्या जागी. मग बैठकीतून बघितलं. स्वच्छ पाणी, उघडे दांडे, मासे, आणि त्यांच्या मागे काळंकुट्ट.

न्हाणीघराचं दार वाजलं. "झालं का गं?" आईंचा आवाज आला. "चहा ठेवतेस?"

७

मी चहा ठेवला.

मी काय करते आहे ते मला नीट माहीत होतं. साखरेचा डबा बाजूला सारला आणि मिठाचा उघडला. त्यावर माझ्याच अक्षरात 'मीठ' लिहिलेलं आहे. तरी बोटानं चाखून बघितलं. मीठच होतं. चमचा भरून पातेल्यात टाकलं, मग आणखी एक. मला फक्त एक वाक्य हवं होतं. आंधळी आहेस का, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

आई ओले केस पाठीवर सोडून टेबलाशी आल्या. मी त्यांची खुर्ची ओढून दिली. कप पुढे ठेवला आणि समोर बसले.

त्यांनी एक घोट घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दुसरा घोट घेतला. मग सावकाश, फुंकर घालत, सगळा चहा संपवला.

"छान झालाय," त्या म्हणाल्या.

"आई, नीट सांगा. काही जास्त नाही झालं?"

"काही नाही गं. अगदी हवा तसा." त्यांनी हात पुढे करून माझ्या कानामागची बट सारखी केली. तिथं पेन्सिल नव्हती. कुठं ठेवली होती मी? "तू घे ना. तुझा गार होतोय."

माझा कप त्याच पातेल्यातला होता. मीच गाळला होता. मी तो उचलला, डोळे मिटले आणि मोठा घोट घेतला.

गोड होता.

मी पुन्हा चाखला. ओट्यावर मिठाचा डबा अजून उघडाच होता आणि चमचा त्यात उभा होता. पलीकडे टाकीत फिल्टर घरघरत होता. आई माझ्याकडे बघून हसत होत्या, अगदी मनापासून.

पातेल्यात अजून उरला होता. मी उठले आणि आम्हा दोघींना आणखी अर्धा अर्धा कप ओतला.